ड्रायव्हरच्या सीटखालचा पत्रा

साडूभाऊ,

तुमच्या दहाव्याला माईकवर सहा जण बोलले. आपल्याकडची ती रीतच आहे. माजी सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले, कारखान्यातले तुमचे दोन जुने सोबती बोलले. एकाने तर तुम्हाला 'मितभाषी' म्हटलं. मी बायकांच्या बाजूला सुमनशेजारी बसलेल्या तुमच्या अक्कांकडे पाहिलं. त्यांनी पदर तोंडाला लावला होता, आणि तो रडण्यासाठी नव्हता हे मला बरोबर ओळखू आलं. मितभाषी! साखर कारखान्याच्या मिलमध्ये तीस वर्षं फिटर म्हणून काढलेला माणूस तुम्ही. तिथल्या धडधडाटात बोलून बोलून तुमचा गळा असा तयार झाला होता की तुम्ही घरात 'चहा टाक' म्हणालात तर शेजारच्या घरातही आधण चढायचं.

मग कुणीतरी म्हणालं, सरांनी दोन शब्द बोलावेत. नेवाशाच्या शाळेत जन्मभर चित्रकला शिकवली, म्हणून नातेवाइकांत बोलायचं काम माझ्याकडे. जणू चित्रं काढणाऱ्याला बोलता येतंच. मी उठलो, 'कष्टाळू, प्रेमळ, सगळ्यांना धरून राहणारे' असं म्हणालो आणि बसलो. त्यात खोटं काही नव्हतं, पण तुमचंही काही नव्हतं. जे बोलायचं होतं ते माईकवर बोलण्यासारखं नव्हतं. ते असं: तुमच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या सीटखाली पत्रा नाही. तिथे मी लांबी भरलेली आहे, म्हणजे पत्र्यावरचे पोचे बुजवायची ती पुट्टी. वर रंग मारून ते झाकलेलं आहे. मी तुम्हाला फसवलं आहे, आणि तेराव्यानंतरच्या सोमवारी तुमची लेक वैशाली हीच गाडी घेऊन खर्ड्याला, जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून हजर व्हायला निघणार आहे.

हे डोक्यात घेऊन मी तुमच्या फोटोसमोर बसलो होतो. फोटोतले तुम्ही फार शहाणे दिसता. त्या फोटोवाल्याने तुम्हाला हसू नका म्हणून सांगितलं असणार.

गाडी तुमची होती, पण तिचा गंज आपल्या दोघांचा. सहा वर्षं ती घोडेगावच्या तुमच्या घरापुढे कडुनिंबाखाली उभी होती. शुक्रवारी बाजाराला आलेला माणूस मोकळी जागा दिसली की शेळी बांधतो, आणि तुमच्या गाडीचा मागचा बंपर ही त्याच्या लेखी मोकळी जागाच होती. अक्का ओरडायच्या. तुम्ही म्हणायचात, "मुकं जनावर हाय. सावलीला उभं ऱ्हातंय तर ऱ्हाऊ दे की." मुक्या जनावरांनी जे काय करायचं ते उभ्या उभ्या केलं, आणि मागचा पत्रा खालून खाऊन टाकला. पुढून निंबाच्या पाल्याने काचेखालच्या फटी बुजवल्या, पावसाचं पाणी बाहेर जायच्या वाटा बंद झाल्या, आणि ते मुकाट्याने आत, मॅटच्या खाली जाऊन बसलं.

नगरच्या गॅरेजवाल्याने दारात नुसतं बोट घातलं, ते आरपार गेलं. "काका, भंगारात घाला," असं तो तोंडावर म्हणाला. तुम्ही त्याच्याशी एक अक्षर बोलला नाहीत. म्हणजे आयुष्यात एकदा मितभाषी झालात खरे. घरी येऊन तुम्ही पेचकस घेतला आणि दिवसभर गाडी ठोकत बसलात. जिथे आवाज बद्द यायचा तिथे खडूने गोल. खडू माझ्याकडूनच नेलेला. रविवारी मी आलो तेव्हा त्या पांढऱ्या गाडीवर रंगीत खडूंचे इतके गोल होते की तिला देवी आल्यासारखं दिसत होतं.

"पाव्हणं," तुम्ही म्हणालात, "तुमी रंगाचे, मी पत्र्याचा. दोघांचं मिळून एक गॅरेज व्हतंय का न्हाई?"

मी निवृत्त होऊन चार महिने झाले होते. घरात मी कुठेही बसलो तरी आमच्या सुमनला झाडायला नेमकी तीच जागा सापडायची. मी हो म्हणालो.

तुमच्या शर्टाच्या खिशात कायम तो जुन्या स्पीकरचा गोल लोहचुंबक असायचा. लोक खिशात पेन ठेवतात, तुम्ही तो ठेवायचात. पत्र्याला चिकटला तर पत्रा खरा, खाली पडला तर आत लांबी. तुमच्या चुलतभावाच्या घरच्या लग्नात मांडवाबाहेर त्यांच्या नव्याने घेतलेल्या जुन्या जीपला तुम्ही तो लावलात, आणि तो टपकन खाली पडला. "ह्या दारात पत्रा कमी न् लांबी जास्त हाय," हे तुम्ही तुमच्या त्या कमी आवाजात सांगितलंत. वाजंत्रीवालेसुद्धा थांबले. भाऊ तीन वर्षं तुमच्याशी बोलले नाहीत. दहाव्याला मात्र तेच सगळ्यात जास्त रडले.

आणि काकवी. ती गोष्ट माईकवर सांगितली असती तर मांडव हसला असता. मला ते धाडस झालं नाही.

कारखान्यात मळीच्या, म्हणजे साखर काढून उरलेल्या चिकट रसाच्या टाकीत पडलेला पाना वर्षाने निघाला तेव्हा नव्यासारखा होता, हे तुम्ही मला शंभर वेळा सांगितलं होतं. मळी गंज खाते. आता मळी काही परवान्याशिवाय घरी आणता येत नाही, म्हणून तुम्ही मामेभावाच्या गुऱ्हाळावरून बिघडलेली काकवी आणलीत, दोन मोठी पिंपं भरून. त्यात पाणी घातलंत आणि बिजागऱ्या, बंपरच्या पट्ट्या नि मागचं एक अख्खं दार बुडवून ठेवलंत. पंधरा दिवस झाकण काढायचं नाही, असा हुकूम. उन्हाळ्याचे दिवस. तिसऱ्या दिवशी गावातल्या झाडून सगळ्या मुंग्या तुमच्या अंगणात आल्या. पाचव्या दिवशी पिंपातून बुडबुड आवाज यायला लागला. शुक्रवारी बाजाराला आलेला एक म्हातारा मेंढपाळ भिंतीजवळ थांबला, त्याने डोळे मिटून लांब श्वास घेतला आणि अगदी अदबीने विचारलं, "मालक, उतरनार कवा?"

तुम्हाला कळलं नाही. मला कळलं, पण उशिरा. तोवर कुणीतरी हातभट्टीची वर्दी दिली होती आणि हवालदार दारात उभे होते.

"काय शिजतंय आत?"

"शिजत न्हाई सायेब, दार भिजतंय."

हवालदारांनी काठीने झाकण उचललं, काठी आत घातली आणि वर ओढली. काठीला दाराचं हँडल अडकून आलं, त्यावरून काकवीची धार. ते बराच वेळ त्या हँडलकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. माझाच विद्यार्थी. एलिमेंटरीच्या परीक्षेला सुरई काढता काढता रडलेला.

"सर, तुम्हीपण?" तो म्हणाला.

मी त्याला गंज, मळी, रसायन सगळं समजावून सांगितलं. त्याने ऐकलं आणि शेवटी हळूच विचारलं, "मोटरसायकलच्या सायलेन्सरचा निघंल का?" दुसऱ्या दिवशी सायलेन्सर पिंपात पडला.

पंधरा दिवसांनी दार निघालं तेव्हा खरंच गंजाचा कण नव्हता. करडा, स्वच्छ, उघडा पत्रा. तुम्ही त्यावरून हात फिरवत राहिलात आणि अक्कांना हाका मारून मारून बोलावलंत. आपण आनंदात चहाला बसलो. चहाबरोबर भजी झाली, भज्यांवर गप्पा झाल्या, आणि परत येऊन बघतो तो दारावर पुन्हा तांबूस साय धरलेली. उघडा पत्रा धुतला की लगेच पुसून प्राइमर मारायचा असतो, हे आपल्या दोघांनाही माहीत होतं. भज्यांपुढे आठवलं नाही. तुम्ही मला म्हणालात, तुमच्यामुळे. मी तुम्हाला म्हणालो, तुमच्यामुळे. त्या वादाचा निकाल लागायचा राहिला तो राहिलाच.

तशी आपली कामं वाटलेली होती. तुम्ही कापायचं, ठोकायचं, शेजारच्या पोपटरावांकडून वेल्डिंग करून घ्यायचं. मी घासायचं आणि रंगवायचं. तुम्ही पत्रा कापायचा ग्राइंडर सुरू केला की मी रंगाचे डबे उचलून मागच्या अंगणात जायचो. ठिणगी उडून थिनर पेटेल, असं सांगायचो. थिनर पेटतो हे खरंच आहे, त्यामुळे कुणी काही म्हणायचं नाही.

रंगावरून मात्र रोज भांडण. जुन्या गाडीचा पांढरा हा पांढरा नसतो. उन्हाने तो पिवळसर झालेला असतो, त्यात पिवळ्याचा एक धागा आणि काळ्याचं एक टोक टाकावं लागतं. मी काडीने थेंब टाकायचो, पत्र्यावर ओढायचो, वाळू द्यायचो, पुन्हा थेंब. तुम्ही मागे उभे. "पाव्हणं, दुधात हळद घालताय का? पांढरा म्हंजी पांढरा!" मी म्हणायचो, साडूभाऊ, तुम्हाला डोळे नाहीत. ते पुढे खरंच निघालं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता.

ऑपरेशनला तुम्ही नगरला गेलात आणि आठ दिवस बहिणीकडे राहिलात. जाताना मला म्हणालात, "तेवढं सीटखालचं ऱ्हायलंय. कापायचं कसं ते तुमी बघितलंय. कुजका पत्रा कापून ठिवा, पोपटरावांकडून नवा लावून घ्या. मी आलो की गाडी रस्त्यावर."

ते भोक दोन तळहातांएवढं होतं, सीटखालून पुढे टाच टेकते तिथवर आलेलं. कडा पापडासारख्या. पहिल्या दिवशी मी आलो, बघितलं आणि परत गेलो, कारण लाइट नव्हती. दुसऱ्या दिवशी लाइट होती, पण ग्राइंडरची डिस्क झिजलेली वाटली. तिसऱ्या दिवशी हवा दमट वाटली. नगर जिल्ह्यात, मार्च महिन्यात. चौथ्या दिवशी मी भोकावर बारीक जाळी बसवली, फायबरचं कापड चिकटवलं, वर लांबीचे तीन हात दिले, पॉलिश पेपर मारून आरशासारखं केलं आणि माझा पांढरा मारला. खालून काळं डांबरी लेपण. आयुष्यातलं माझं सगळ्यात सफाईदार काम असेल ते. मग त्यावर मॅट टाकलं.

तुम्ही आलात ते काळा चष्मा लावून, एखाद्या पुढाऱ्यासारखे. चपला काढायच्या आधी गाडीपाशी आलात.

"खालचं झालं?"

"झालं."

तुमचा हात खिशात गेला. लोहचुंबक बाहेर आला. मी तुमच्या हाताकडेच बघत होतो. तुम्ही तो बोटांत एकदा फिरवलात आणि पुन्हा खिशात टाकलात. "तुमच्या कामाला काय लावायचं!" म्हणालात, आणि चहाला आत गेलात.

तुम्ही तो लावला असता तर बरं झालं असतं. तुम्ही ओरडला असतात, गावाला ऐकू गेलं असतं, मी दोन दिवस रुसलो असतो, संपलं असतं. सगळ्या जगाला लावलेला लोहचुंबक तुम्ही मला लावला नाहीत, आणि तो मला वर्षभर टोचत राहिला.

गाडी निघाली. तिच्यातून आपण चौघं किती हिंडलो! अक्का आणि सुमन मागे, डब्यात धपाटी आणि ठेचा, तुम्ही गाडी चालवताय आणि प्रत्येक ओव्हरटेक करणाऱ्याच्या गाडीचं दार बनावट असल्याचं सांगताय. मी शेजारी. माझं लक्ष तुमच्या टाचेवर. ती नेमकी त्या जागेवर टेकलेली असायची. खड्डा आला की मी डॅशबोर्ड धरायचो. सीटचं वजन बाजूच्या पट्ट्यांवर असतं, मधल्या भागावर नाही, हे मी स्वतःला समजावत असायचो. पण लांबी पाणी धरते, पाणी गंज धरतं, हे तुम्हीच मला शिकवलं होतं.

एकदा सांगायला गेलोही होतो. प्रवरेच्या पुलाच्या अलीकडे तुम्ही गाडी उभी केलीत, बायका खाली उतरल्या. मी म्हणालो, "साडूभाऊ, एक बोलायचं होतं." तुम्ही इंजिन बंद केलंत. "बोला की." मी नदीकडे बघितलं आणि म्हणालो, "मागच्या दाराला रंगाचा अजून एक हात पाहिजे." तुम्ही लगेच हसला नाहीत. किल्लीवरचा हात काढून माझ्याकडे वळलात. मग म्हणालात, "बरं. तुमाला वाटंल तवा."

मला वाटलं तुम्ही दाराबद्दल बोलताय.

तेरावा झाला, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी घोडेगावला आलो. वैशाली कपड्यांची बॅग आवरत होती, अक्का ओट्यावर गहू निवडत होत्या. मी बसलो नाही. बसलो असतो तर पुन्हा रंगाबद्दल बोललो असतो. उभ्यानेच सगळं सांगितलं. भोक, जाळी, लांबी, 'झालं' म्हणालो ते.

वैशालीने आधी ऐकून घेतलं. तुमची मुलगी आहे, पण ऐकून घेण्याचा गुण अक्कांचा. मग म्हणाली, "म्हणजे काका, मी खर्ड्यापर्यंत पाय वर घेऊन गाडी चालवायची का?" आणि तेरा दिवसांत पहिल्यांदा ती हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि बरंही वाटलं.

अक्कांनी निवडणं थांबवलं नाही. गव्हातून खडा काढून बाजूला टाकत एवढंच म्हणाल्या, "बघा मंग उघडून."

आम्ही सीट काढली. बोल्ट घट्ट होते, वैशालीने पाय देऊन सोडवले. वळूला आडवं पाडणाऱ्या पोरीला बोल्ट काय करणार! मी मॅट उचललं. त्या दिवसानंतर ते मी कधी उचललंच नव्हतं.

माझा पांढरा तिथे होता, जसाच्या तसा. आणि त्याच्या चारी बाजूंनी, ओळीने, ठिपके होते. जाडजाड, निळसर, चुन्यासारखे पांढरे. कुणीतरी डबा फोडून, न ढवळता, न मिसळता, ब्रशच्या टोकाने थापलेले. शाळेत एवढी वर्षं मुलांची चित्रं तपासली, साडूभाऊ. कुणाचा हात आहे हे मला सही न बघता कळतं.

"काका," गाडीखालून वैशालीचा आवाज आला, "हितं पत्रा हाय. जाड, कारखान्याचा वाटतो. रिवेटा मारल्यात सगळीकडनं."

मी ठिपक्यावर नख घातलं. रंग उडाला, खाली रिवेटचं, म्हणजे पत्रे जोडायच्या खिळ्याचं टोक.

तुम्ही आणि रिवेट! वेल्डिंग सोडून दुसरं काही म्हणजे चांभारकाम, असं म्हणणारे तुम्ही. मला क्षणभर कळेचना. मग लक्षात आलं. वेल्डिंग केलं असतं तर उष्णतेने वरची माझी लांबी फुगली असती, माझा रंग जळला असता आणि मला कळलं असतं. माझा रंग शाबूत राहावा म्हणून तुम्ही खाली झोपून कुजकं कापलंत, पत्रा लावलात, रिवेटा मारल्यात, आणि वर आलेली त्यांची टोकं लपवायला तुमच्या त्या आंधळ्या पांढऱ्याने ठिपके दिलेत. मी तुमच्यापासून लपवलं, तुम्ही माझ्यापासून. तुमचं लपवणं फारच वाईट होतं हो.

"कधी केलं हे त्यांनी?" मी ओट्यावर येऊन विचारलं.

"तुमी नातवाच्या बारशाला पुन्याला गेल्तात की," अक्का म्हणाल्या. "त्या दोन दिसांत. डोळ्याचं आप्रेशन होऊन तीन आठवडे झालं न्हवतं. डॉक्टरनं वाकायचं न्हाई म्हणून सांगितलं हुतं, आन् ह्ये गाडीखाली उतानं. मीच ब्याटरी धरली हुती. शिव्या देत देत."

"मला सांगायचं ना मग."

"म्या म्हनलं हुतं सांगा म्हणून." त्यांनी सूप खाली ठेवलं. "तर मला म्हनले, न्हाई. पाव्हन्यांला ग्राइंडरची भ्या वाटती. ठिनग्या उडाल्या की ते रंगाचा डबा घिऊन पळत्यात, मी काय बघत न्हाई व्हय? आन् तेंला ते सांगायची लाज वाटती. आपुन इचारायचं न्हाई. सांगतील कवातरी."

मी ओट्यावर बसलो.

मला तुमचा राग आला, साडूभाऊ. खरं सांगतो. त्या डोळ्याचं बरंवाईट झालं असतं तर? दोन तळहात रंगासाठी? आणि लोहचुंबक तुम्ही लावला होतातच तर! माझ्या पाठीमागे लावलात. 'तुमच्या कामाला काय लावायचं' म्हणे. मग त्या रागातच मला हसायला आलं, आणि हसता हसता दुसरंच काही झालं, आणि अक्का आत पाणी आणायला गेल्या ते बराच वेळ आल्या नाहीत.

वर्षभर मी समजत होतो की तुमची टाच माझ्या खोटेपणावर टेकलेली आहे. ती तुमच्याच पत्र्यावर होती. भिऊन बसलेला मी एकटा. पुलाजवळ तुम्ही इंजिन बंद केलंत ते रंगाचं ऐकायला नव्हे, आता कळतंय. मी तेव्हा बोललो असतो तर तुम्ही काय म्हणाला असतात, हे मला आता कधी कळायचं नाही. पण फार काही म्हणाला नसतात, असं वाटतं. आणि त्या वाटण्यातच मला फार बरं वाटतं.

पत्रा पक्का आहे. वैशालीने खालून हातोडीने ठोकून बघितला, ओट्यापर्यंत आवाज आला. पण वरची माझी लांबी काढायलाच हवी होती, नाहीतर ती पाणी धरून तुमचाही पत्रा खाणार. वैशालीने ग्राइंडर काढला, नवी डिस्क बसवली, ओढणी कमरेला खोचली आणि म्हणाली, "काका, तुम्ही बसा. मी करते."

"दे इकडे," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं. मग कामासाठी लावलेला स्वतःचा चष्मा काढून माझ्या डोळ्यांवर लावला, वायर मागे धरली आणि बटण दाबायच्या आधी मला नीट उभं केलं. ठिणग्या उडाल्या. पहिल्यांदा डिस्क उसळून बाजूच्या पट्टीवर ओरखडा गेला. लांबीची पांढरी धूळ तोंडावर बसली. दोनदा थांबलो, दोनदा पुन्हा सुरू केला. तासाभराने माझा आरसा गेला आणि खालून तुमचा पत्रा वर आला, जाड, काळपट, कडेला कारखान्याच्या रंगाची हिरवी रेघ. मी लगेच पुसून त्यावर रेड ऑक्साईडचा प्राइमर मारला. त्याआधी चहा घेतला नाही. तुमचे ठिपके ठेवले आहेत. तेवढा वाईट रंग माझ्याच्याने देववला नसता.

सोमवारी वैशाली गेली. अक्का तिच्याबरोबर आठ दिवस राहायला गेल्या आहेत, मागच्या सीटवर गव्हाचं पोतं घेऊन. दुपारी फोन आला, पोचलो, रस्ता खराब हाय, गाडी चांगली चालती. मी फोन ठेवला आणि हे लिहायला बसलो.

माईकवर जमलं नाही, पुलाजवळ जमलं नाही. तुम्ही विचारणार नव्हतात आणि मी सांगत नव्हतो, असं करता करता तुम्ही निघून गेलात. आता ऐका. तुम्हाला माहीत आहे, तरी माझ्या तोंडून ऐका.

साडूभाऊ, मला ग्राइंडरची भीती वाटते. लई वाटते.